गाडी लावणे, गजर लावणे, मलम लावणे : रोजच्या इंग्रजीचा शब्दसाठा कसा वाढवायचा

इंदूरच्या भंवरकुवा भागात संध्याकाळी क्लास सुटतात तेव्हा मुलामुलींच्या हातात इंग्रजी शब्दांच्या याद्या असतात. ‘युबिक्विटस’, ‘बेनेव्होलन्ट’, ‘ऑब्स्टिनेट’. प्रत्येकापुढे हिंदी अर्थ, त्याच्यापुढे समानार्थी आणि विरुद्धार्थी शब्द. स्पर्धा परीक्षेला त्या याद्या लागतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण याच मुलाला सुपर कॉरिडॉरवरच्या एखाद्या कंपनीत मुलाखतीच्या दिवशी ‘बस चुकली म्हणून उशीर झाला’ एवढे इंग्रजीत सांगायचे झाले की जीभ अडते. ‘आय मिस्ड द बस’ यातला एकही शब्द त्याला नवा नाही. ‘मिस करणे’ म्हणजे कुणाची आठवण येणे, हे तो जाणतो. चुकलेली बससुद्धा ‘मिस’च होते, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

रोजच्या इंग्रजीतली अडचण नेमकी इथे आहे. शब्द ओळखीचे असतात, त्यांच्या जोड्या ओळखीच्या नसतात. म्हणून शब्द एकटा पाठ करू नये, तो जोडीने आणि वाक्यासकट उचलावा.

आधी आकड्यांचा अंदाज घेऊ, म्हणजे भीती कमी होईल. मायकेल वेस्ट नावाचे इंग्रज शिक्षणतज्ज्ञ ढाक्याच्या शिक्षक प्रशिक्षण महाविद्यालयात होते. बंगाली मुलांना इंग्रजी वाचायला शिकवायचे तर कोणते शब्द आधी द्यावेत, या प्रश्नावर त्यांनी बरीच वर्षे काम केले. १९५३ साली त्यांची सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध झाली. त्याच धर्तीवर २०१३ मध्ये ‘न्यू जनरल सर्व्हिस लिस्ट’ निघाली. ती सुमारे २८०० शब्दांची आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळते. साध्या इंग्रजी मजकुरातल्या शंभर शब्दांपैकी नव्वदाहून अधिक या यादीत सापडतात. कादंबरी किंवा वर्तमानपत्र कोशाविना वाचायला मात्र ८००० ते ९००० शब्दकुळे लागतात, असा शब्दसाठ्याचे अभ्यासक पॉल नेशन यांचा २००६ सालचा हिशेब आहे. ‘हेल्प’, ‘हेल्पर’, ‘हेल्पफुल’, ‘हेल्पलेस’ मिळून एक शब्दकुळ. म्हणजे बोलण्याचालण्यासाठी पहिला डोंगर अडीच-तीन हजारांचा, आणि त्यातला बराचसा तुम्ही शाळेतच चढलेला असता.

ही यादी घेऊन बसा आणि पहिल्या हजार शब्दांवर पेन्सिलने खुणा करा. अर्थ माहीत आहे का, असे स्वतःला विचारू नका. पाच सेकंदांत या शब्दाचे स्वतःच्या घरातले वाक्य तोंडातून निघते का, ते पाहा. ‘कीप’, ‘टर्न’, ‘सेट’, ‘रन’, ‘लीव्ह’ अशा किरकोळ दिसणाऱ्या शब्दांवरच पेन्सिल थांबते. तोच तुमचा खरा अभ्यासक्रम.

आता जोड्यांकडे येऊ. मराठीत ‘लावणे’ हे एक क्रियापद किती कामे करते पाहा. आपण गाडी लावतो, गजर लावतो, गुडघ्याला मलम लावतो, दाराला कुलूप लावतो, कुंडीत रोप लावतो, दिवा लावतो, रात्री दही लावतो. इंग्रजीत या प्रत्येक ठिकाणी क्रियापद बदलते. गाडी ‘पार्क’ होते, गजर ‘सेट’ होतो, मलम ‘अप्लाय’ होते, दार ‘लॉक’ होते, रोप ‘प्लान्ट’ होते, दिवा ‘टर्न ऑन’ होतो आणि दही पुन्हा ‘सेट’ होते. इंदूरमध्ये ही अडचण दुप्पट आहे, कारण बाहेर बोलली जाणारी हिंदीही आपल्याच वळणाने जाते : गाड़ी लगाना, अलार्म लगाना, ताला लगाना. घर आणि बाजार दोन्ही एकच सवय लावतात, म्हणून इंग्रजी बोलताना मन त्याच एका क्रियापदाच्या शोधात फिरत राहते. ते इंग्रजीत नाहीच.

‘बंद’चेही तसेच. दार ‘क्लोज’ किंवा ‘शट’ करायचे, पंखा ‘टर्न ऑफ’ करायचा. फोन बंद असेल तर ‘स्विच्ड ऑफ’, रस्ता बंद असेल तर ‘ब्लॉक्ड’, घड्याळ बंद पडले तर ‘स्टॉप्ड’. आणि राजवाड्याच्या गर्दीत स्कूटर बंद पडली तर ‘इट ब्रोक डाऊन’. ‘क्लोज द फॅन’ आणि ‘ओपन द लाइट’ ही वाक्ये इथूनच जन्माला येतात. व्याकरण त्यात चुकलेले नसते, जोडी चुकलेली असते.

तिसरे मोठे कुटुंब ‘करणे’चे. चूक करणे ‘मेक अ मिस्टेक’, गृहपाठ करणे ‘डू होमवर्क’, अंघोळ करणे ‘हॅव अ बाथ’ किंवा ‘टेक अ बाथ’, फोन करणे ‘मेक अ कॉल’. याचे नियम शोधू नयेत. ‘मेक’ म्हणजे काहीतरी निर्माण करणे असा नियम पुस्तकांत सांगतात, तो चार पावले चालतो आणि पाचव्याला अडखळतो. प्रत्येक नाम आपले क्रियापद बरोबर घेऊनच वहीत उतरवावे. ‘मिस्टेक = चूक’ असे लिहिले की अर्धाच शब्द लिहिला.

एका ठिकाणी मात्र मराठी माणूस हिंदी बोलणाऱ्यापेक्षा फायद्यात आहे. ‘सांगणे’ म्हणजे ‘टेल’, ‘म्हणणे’ म्हणजे ‘से’, ‘बोलणे’ म्हणजे ‘स्पीक’ किंवा ‘टॉक’. ही वाटणी बहुतेक वेळा जुळते. ‘टेल’ला लगेच पुढे माणूस लागतो : ‘ही टोल्ड मी’. ‘से’ला लागत नाही : ‘ही सेड ही वॉज टायर्ड’. आपण मराठीतही ‘त्याने मला सांगितले’ आणि ‘तो म्हणाला’ असेच म्हणतो. मात्र हिंदीच्या वळणाने ‘मी त्याला बोललो’ म्हणायची सवय असेल तर हा फायदा हातचा जातो आणि ‘ही सेड मी’ येऊ लागते.

जवळ असलेले शब्द तपासून घ्या

गॅस, कुकर, फ्रिज, टॉवेल, चार्जर, रिचार्ज, बिल, फॉर्म, अपॉइंटमेंट. मराठी घरात बोलले जाणारे इंग्रजी शब्द मोजायला बसलात तर पानेच्या पाने भरतील. हे भांडवल आहेच, फक्त काहींचा अर्थ इथे येऊन सरकला आहे. छप्पन दुकानला पोहे-जिलबी खाऊन आलो की आपण ‘हॉटेलात गेलो होतो’ म्हणतो. परदेशी पाहुणा ‘होटेल’ ऐकून मुक्कामाची खोली समजतो, खाण्याच्या जागेला तो ‘रेस्टॉरंट’ किंवा ‘कॅफे’ म्हणतो. ‘आय हॅव अ डाऊट’ म्हणजे आपल्याकडे ‘एक प्रश्न आहे’, तर इंग्लंड-अमेरिकेत ‘मला शंका वाटते, मला हे पटत नाही’. ‘आय पास्ड आऊट इन २०२२’ ऐकून तिकडचा माणूस तुम्ही बेशुद्ध पडला होतात असे समजण्याची शक्यता असते. त्याला ‘ग्रॅज्युएटेड’ सांगावे. ‘आऊट ऑफ स्टेशन’ऐवजी ‘आऊट ऑफ टाऊन’. भारतातल्या कार्यालयात ‘प्रीपोन’, ‘बॅचमेट’ बिनदिक्कत वापरा, ते आपले इंग्रजी आहे आणि त्यात कमीपणा नाही. समोरचा कुठला आहे तेवढे पाहून शब्द निवडावा.

नवे शब्द गोळा करायला महागडे पुस्तक लागत नाही. औषधाची बाटली हातात घ्या. तिच्यावर असते : ‘शेक वेल बिफोर यूज’, ‘स्टोअर इन अ कूल, ड्राय प्लेस’, ‘प्रोटेक्ट फ्रॉम लाइट’, ‘कीप आऊट ऑफ द रीच ऑफ चिल्ड्रन’. चार ओळी, पण त्यात काय काय आहे! ‘वेल’ म्हणजे इथे ‘नीट, भरपूर’. ‘स्टोअर’ म्हणजे दुकान हे माहीत होते, इथे ते ‘ठेवणे, साठवणे’ झाले. ‘प्रोटेक्ट’च्या पाठोपाठ ‘फ्रॉम’ येते, म्हणजे ‘प्रोटेक्ट युअर स्किन फ्रॉम द सन’ हे वाक्य आपोआप तयार झाले. ‘रीच’ म्हणजे पोहोचणे, आणि ‘आऊट ऑफ रीच’ म्हणजे हाताला न येणारे. तेच घेऊन स्वयंपाकघरात वळा : फळीवरची लोणच्याची बरणी आजीच्या हाताला येत नाही, तर ‘कॅन यू रीच द पिकल जार?’ एका बाटलीतून चार पक्क्या जोड्या मिळाल्या, त्याही छापील आणि बिनचूक इंग्रजीत. बिस्किटाचा पुडा, शॅम्पू, बँकेची पावती, रेल्वे तिकिटामागचा मजकूर, मोबाइलच्या सेटिंग्ज, सगळीकडे असा माल पडलेला आहे. सकाळी कचरागाडी आली की ओला-सुका वेगळा करायची सवय इंदूरला आहेच, तर ‘सॉर्ट द वेस्ट’, ‘वेट वेस्ट’, ‘ड्राय वेस्ट’, ‘टेक आऊट द गार्बेज’ ही वाक्ये रोज एकदा तोंडी आणायला वेगळा वेळ काढावा लागत नाही.

घरातल्या बारीकसारीक तक्रारींचे इंग्रजी मुद्दाम जमवावे, कारण पुस्तकांत ते क्वचित सापडते. दूध नासले : ‘द मिल्क हॅज गॉन ऑफ’. लाईट गेली : ‘देअर इज अ पॉवर कट’. गॅस मंद कर : ‘टर्न डाऊन द फ्लेम’. शेव मऊ पडली : ‘द शेव हॅज गॉन सॉफ्ट’. पाचशेचे सुटे आहेत का : ‘डू यू हॅव चेंज फॉर फाइव्ह हंड्रेड?’ मला सर्दी झाली आहे : ‘आय हॅव अ कोल्ड’. यात ‘अ’ विसरू नका. नुसते ‘आय अॅम कोल्ड’ म्हटले तर थंडी वाजते असा अर्थ होतो.

इथे एक चूक फार होते आणि ती चांगल्या हेतूने होते. मुलाला एका दिवशी सगळ्या भाज्यांची नावे, दुसऱ्या दिवशी सगळे नातेवाईक, तिसऱ्या दिवशी विरुद्धार्थी जोड्या. नीटनेटके दिसते, पण डोक्यात गोंधळ उडतो. थॉमस टिंकहॅम या संशोधकांनी १९९० च्या दशकात प्रयोग करून दाखवले की अर्थाने जवळचे शब्द एकदम शिकवले तर शिकायला जास्त वेळ लागतो. ‘बॉरो’ आणि ‘लेन्ड’ एकाच दिवशी शिकलेला माणूस वर्षानुवर्षे विचारत राहतो की उसने घेणे कोणते आणि देणे कोणते. आधी फक्त ‘बॉरो’ शिका : ‘कॅन आय बॉरो युअर पेन?’ ते तोंडात बसले की दोन-तीन आठवड्यांनी ‘लेन्ड’ घ्या. ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’, ‘पुश’ आणि ‘पुल’, ‘ट्यूजडे’ आणि ‘थर्सडे’ यांचेही तसेच. एकत्र घ्यायचेच तर प्रसंगाचे शब्द घ्या : दवाखान्यात नाव नोंदवण्यापासून औषध घेईपर्यंत. ते अर्थाने एकमेकांसारखे नसतात, एका गोष्टीत गुंफलेले असतात, म्हणून भांडत नाहीत.

कार्ड, डबा आणि दिवस

शब्द विसरणे हा बुद्धीचा दोष नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञांनी १८८५ साली स्वतःवर प्रयोग करून दाखवले की पाठ केलेले पहिल्या काही तासांत झपाट्याने निसटते आणि मग निसटण्याचा वेग मंदावतो. त्यामुळे उजळणी सुरुवातीला लवकर लवकर आणि पुढे लांब लांब अंतराने करावी. आणि उजळणी म्हणजे पुन्हा वाचणे नव्हे. २००८ साली कार्पिक आणि रोडिगर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना ४० स्वाहिली शब्द इंग्रजी अर्थासह शिकवले. शब्द एकदा आठवल्यावरही ज्यांची पुन्हा पुन्हा चाचणी घेतली त्यांना आठवड्याने सुमारे ८० टक्के शब्द आठवले. एकदा आठवल्यावर ज्यांची त्या शब्दावरची चाचणी थांबवली त्यांना साधारण एक तृतीयांशच आठवले, मग त्यांनी ते कितीही वेळा पुन्हा वाचलेले असोत. वहीतल्या यादीवरून नजर फिरवली की ‘सगळे येते’ असे वाटते, ते म्हणूनच फसवे.

साधा पुठ्ठा पोस्टकार्डाच्या अर्ध्या मापाचा कापा. पुढच्या बाजूला मराठी वाक्य लिहा, सुटा शब्द नको : ‘मला दोन दिवसांपासून सर्दी झाली आहे.’ मागे इंग्रजी वाक्य, आणि त्यातली जोडी अधोरेखित. कार्ड नेहमी मराठीकडून इंग्रजीकडे तपासायचे. उलट दिशेने शब्द ओळखता येतो, बोलता येत नाही. पुढच्या बाजूला मराठी लिहावे की हिंदी, हा प्रश्न इंदूरकरांना पडतोच. जो प्रसंग आयुष्यात ज्या भाषेत घडतो त्या भाषेत लिहा. आईशी, आजीशी, स्वयंपाकघरातले बोलणे मराठीत. सराफ्यातला सौदा, रिक्षावाल्याशी भाड्याची घासाघीस, कॉलेजच्या कार्यालयातली विचारपूस हिंदीत. नाहीतर मन आधी मराठीतून हिंदीत, मग हिंदीतून इंग्रजीत असा वळसा घेते आणि तोवर समोरचा पुढचे वाक्य बोललेला असतो.

डब्याला पाच कप्पे करा. ही रीत जर्मन पत्रकार सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ साली मांडली. नवे कार्ड पहिल्या कप्प्यात. पहिला कप्पा रोज, दुसरा एक दिवसाआड, तिसरा आठवड्याला, चौथा पंधरवड्याला, पाचवा महिन्याला. बरोबर आले की कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकले की थेट पहिल्यात. ‘जवळजवळ आले होते’ हे चुकलेच धरायचे, ‘अ’ किंवा ‘द’ सुटला तरी. ज्यांना मोबाइल बरा वाटतो त्यांच्यासाठी ‘अँकी’ हे अॅप हेच काम करते, पण वाक्ये स्वतःची घाला, तयार गठ्ठे उतरवू नका.

रोज किती? सहा. याहून जास्त नको, आणि त्यामागे हिशेब आहे. एक कार्ड पाचव्या कप्प्यातून बाहेर पडेपर्यंत चुका धरून सुमारे सात वेळा हातात येते. रोज सहा नवी घेतली तर घडी बसल्यावर दिवसाला चाळीसेक कार्डे होतात. दहा सेकंदांना एक, म्हणजे सात मिनिटे. उत्साहाच्या भरात रोज वीस घेणाऱ्याच्या वाट्याला दोनेक महिन्यांत दिवसाला १४० कार्डे येतात. एखादे लग्नकार्य मध्ये आले, दोन दिवस राहिले, की ढीग पाहून डबा माळ्यावर जातो. सहाच्या वेगाने, रविवार सोडूनही, वर्षाला अठराशेच्या घरात जोड्या होतात. रोजच्या बोलण्याला त्या पुष्कळ झाल्या.

एखादे कार्ड चार-पाच वेळा पहिल्या कप्प्यात परतले तर ते कार्ड वाईट आहे असे समजा. बहुधा वाक्य लांब असते, त्यात दोन नव्या गोष्टी असतात, किंवा त्याच्यासारखे दुसरे कार्ड डब्यात भांडत असते. फाडा आणि नव्या, छोट्या वाक्यात लिहा.

उच्चाराचे थोडक्यात. कार्ड नेहमी मोठ्याने वाचावे आणि शब्द लिहितानाच त्यातल्या जोराच्या भागाखाली रेघ मारावी. मराठीत शब्दाचे सगळे भाग साधारण सारख्या वजनाने येतात, इंग्रजी कान मात्र जोरावरून शब्द ओळखतो. ‘होटेल’मध्ये जोर ‘टेल’वर, ‘डेव्हलप’मध्ये ‘व्हे’वर, ‘फोटोग्राफर’मध्ये ‘टॉ’वर. ‘कम्फर्टेबल’ बोलताना ‘कम्फ्टबल’ होते, ‘व्हेजिटेबल’ ‘व्हेज्टबल’ होते. ‘रिसीट’च्या स्पेलिंगमध्ये ‘पी’ आहे आणि ‘डेट’ म्हणजे कर्ज यात ‘बी’ आहे, ती अक्षरे उच्चारायची नाहीत. ‘झिरो’, ‘बिझी’ यातला आवाज ‘जेवण’मधला ‘ज’ नव्हे. तो ‘जरा’मधल्या ‘ज’च्या जवळचा आहे, फक्त जीभ वर टेकवायची नाही, हवा घासत जाऊ द्यायची. ‘वेस्ट’ला ओठ गोल, ‘व्हेस्ट’ला वरचे दात खालच्या ओठावर.

वाचनासाठी पुस्तक निवडताना पान मोजा. साधारण २५० शब्दांच्या पानावर पाचपर्यंत अनोळखी शब्द असतील तर ते पुस्तक तुमचे. तेवढ्यात बाकीच्या मजकुरावरून अर्थ लागतो. पानाला पंधरा-वीस अडत असतील तर ते सध्या ठेवून द्या, कारण तो अभ्यास कोशाचा होतो, भाषेचा होत नाही. इंग्रजी वर्तमानपत्राचे संपादकीय शब्दसाठ्यासाठी वाचायला सांगतात, पण सुरुवातीच्याला ते पानाला वीसवाले असते. त्याच पेपरातली शहराची पाने, हवामान, खेळ आणि छोट्या जाहिराती अधिक कामाच्या.

डब्यातले शब्द बोलण्यात उतरवायला ‘चार-तीन-दोन’ हा सराव फार चांगला. एक साधा विषय घ्या, समजा ‘आमच्याकडे रविवारची सकाळ’. चार मिनिटे बोला. मग तीच गोष्ट दुसऱ्या माणसाला तीन मिनिटांत, मग तिसऱ्याला दोन मिनिटांत. मजकूर तोच असल्याने मन शब्द शोधण्यातून मोकळे होते आणि वेग वाढतो. ऐकायला कोणी नसेल तर मोबाइलवर आवाज नोंदवा. नोंद ऐकताना अडखळलेल्या जागांवर खूण करा.

बोलता बोलता शब्द आठवलाच नाही तर थांबू नका आणि हिंदीत शिरू नका, वस्तूचे काम सांगा. ‘झारा’ला काय म्हणतात ते सुचले नाही : ‘अ बिग फ्लॅट स्पून विथ होल्स’. ‘सोऱ्या’ सुचला नाही : ‘अ हॅन्ड प्रेस फॉर मेकिंग शेव’. त्यासाठी ‘द थिंग यू यूज फॉर...’, ‘इट इज अ काइंड ऑफ...’, ‘इट लुक्स लाइक...’ ही तीन वाक्ये सगळ्यात आधी, पहिल्याच दिवशी कार्डावर घ्या. समोरचा बहुतेक वेळा नेमका शब्द स्वतःच पुरवतो. ‘यू मीन अ स्लॉटेड स्पून?’ असे तो म्हणाला की तो शब्द लगेच एकदा आपल्या वाक्यात परत बोलून घ्या, ‘येस, पास मी द स्लॉटेड स्पून, प्लीज’, आणि रात्री त्याचे कार्ड करून पहिल्या कप्प्यात टाका.